अल्हाम्ब्रा पाहिलेले साडू

जबलपुरात राहणाऱ्या मराठी माणसाला दोन नोकऱ्या असतात. एक पगाराची आणि दुसरी भेडाघाट दाखवण्याची. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथून १८१७ साली उठला. पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांचा अजून उठलेला नाही. दिवाळी सरली, जरा गारवा पडला की फोन येतो, "म्हटलं, यंदा नर्मदामैयाचं दर्शन घ्यावं." मैयाच्या दर्शनाची सोय आमच्या पुढच्या खोलीत करायची असते, हे आता पोरांनाही पाठ झालंय. फोन वाजताच ती आपापली अंथरुणं उचलतात.

पाहुण्यांमध्ये सगळ्यांत अवघड म्हणजे नुकताच परदेश करून आलेला पाहुणा. आमचे थोरले साडू दक्षिण स्पेन बघून थेट आमच्याकडे आले. बॅग ठेवायच्या आधी त्यांनी फोन काढला आणि चहा गार होईपर्यंत आम्हाला ग्रॅनडा, कोर्दोबा आणि रोंडा दाखवलं. प्रत्येक फोटोत पुढे साडू, मागे थोडासा स्पेन.

दुसऱ्या दिवशी मदनमहाल. गोंड राजा मदनसिंहाच्या नावानं ओळखला जाणारा हा छोटासा किल्ला एका अवाढव्य खडकावर बसला आहे. साडूंनी धापा टाकत विचारलं, "इथं रांग नाही? अल्हाम्ब्राच्या राजवाड्यात शिरायची वेळसुद्धा तिकिटावर छापलेली असते हो." रांग नाही म्हणजे माल दुय्यम, हा त्यांचा हिशेब. जवळच्या बॅलन्सिंग रॉकपाशी मात्र ते रमले. एका खडकाच्या टोकावर दुसरा धोंडा नुसता टेकलेला. २२ मे १९९७ च्या भूकंपात गावातल्या भिंती पडल्या, हा हलला नाही. तिथं येणारा प्रत्येक जण ढकलून पाहतो, तसा साडूंनीही पाहिला. तो काही बधला नाही. घरी साडूंच्या शब्दाला न बधणारं कुणी नाही, त्यामुळे ते जरा हिरमुसले.

भेडाघाटला शंभरावर पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या मंदिरात गेलो. कलचुरी राजांच्या काळातलं हे गोलाकार देवालय, भोवती योगिनींच्या मूर्तींचे कोनाडे. कोर्दोबाच्या मशिदीतले ८५६ खांब तोंडपाठ असलेले साडू लगेच मोजायला लागले. कोनाडे भरले ८१. "म्हणजे सतरा जास्त?" "पाहुण्या असतील," सौ. म्हणाली. तिच्या सुरात अनुभव होता.

मग मी माझा हुकमी एक्का काढला. भेडाघाटला सापडलेल्या शिलालेखात कलचुरी राणी अल्हणदेवीनं ११५५ साली शिवमंदिर बांधल्याची नोंद आहे. अल्हाम्ब्राचं काम सुरू झालं १२३८ मध्ये. "तुमच्या अल्हाम्ब्राच्या त्र्याऐंशी वर्षं आधी आमची अल्हणदेवी!" मी म्हणालो. साडू गप्प झाले. दोन्हींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, पण साडूंना गप्प करायला इतिहास एवढा पुरतो.

धुवांधारला त्यांचं तोंड पुन्हा सुटलं होतं, पण काय म्हणत होते ते कळलं नाही. तिथं नर्मदा अशी कोसळते, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि तुषारांच्या धुक्यात शेजारी नीट दिसतही नाही. सौ.ला हा धबधबा का आवडतो, ते मला तिथंच उमगलं.

खरी गंमत पंचवटी घाटावरून नावेत बसल्यावर. दोन्ही बाजूंना शंभर शंभर फुटांचे संगमरवरी कडे, कुठे दुधासारखे पांढरे, कुठे निळसर, मधून हिरवं, खोल, संथ पाणी. "रोंडाची दरी शंभर मीटरची," साडू म्हणाले, "इथं फूट आहेत." इतक्यात नावाड्यानं वल्ह्याच्या ठेक्यावर सुरू केलं, "दाएँ देखो, बाएँ देखो, बीच में मत हिलना, नाव हमारी पलट गई तो घर आके मत मिलना!" साडूंनी बोलणं थांबवून नावेची कड घट्ट धरली. मग नावाडी खडकांत हत्ती, मोटार, साधूची जटा दाखवत सुटला. बंदरकूदनी आली. कडे इथं इतके जवळ होते, की माकडं या काठावरून त्या काठावर उडी मारत, म्हणे. पुढं राज कपूरनं 'जिस देश में गंगा बहती है' या सिनेमाचं चित्रीकरण कुठे केलं, तेही त्यानं दाखवलं. गंगेच्या नावाचा सिनेमा नर्मदेत काढला, तरी मैयानं कधी तक्रार केली नाही.

स्पेनमध्ये कानाला यंत्र लावून शिस्तीत माहिती ऐकलेल्या साडूंना राहवलं नाही. "हे सगळं कुठल्या पुस्तकात आहे?"

वल्हं न थांबवता नावाडी म्हणाला, "साहब, किताबवाले भी हमारी ही नाव में बैठे थे."

माझं मत तिथंच कायम झालं. रोंडाला पुलावर उभं राहून दरीकडे खाली पाहायचं असतं; इथं नावेत बसून मान वर करावी लागते. मान वर केलेल्या माणसाला तुलना सुचत नाही. परतताना साडूंनी खव्याची काळी जिलबी खाल्ली, आणखी एक मागितली आणि तिसरीच्या वेळी "स्पेनमध्ये असलं काही नाही," असं स्वतःहून कबूल केलं.

तेव्हा मंडळी, जरूर या. पावसाळ्यात नावा बंद असतात, म्हणून दिवाळीनंतर या. पौर्णिमा साधलीत तर चांदण्यात संगमरवर पाहायला मिळेल. उतरायला आमचं घर आहेच. फक्त परदेशचे फोटो फोनमध्येच राहू द्या आणि येण्याआधी एक फोन करा. पोरांना अंथरुणं हलवायला वेळ लागतो.