दशाक्षरी गुपित

आमच्या डोळखांबच्या पंचक्रोशीत गुपित नावाची वस्तू फार दिवस टिकत नाही. कोणाची म्हैस आटली, कोणी आसनगावच्या जमिनीचा इसार घेतला, कोणाच्या चिरंजिवांनी शहापुरात कोणाबरोबर वडापाव खाल्ला, ही वार्ता एस.टी.च्या आधी गावात पोहोचते. अशा या सर्वज्ञ प्रदेशात ज्या एका इसमाने दहा अक्षरांचे रहस्य दोन महिने अभेद्य राखले, त्याच्याविषयी आदर न वाटता तरच नवल. हा इसम म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेच्या आवाराची भिंत बांधणारा ठेकेदार, आणि ते रहस्य म्हणजे त्याचा पॅन क्रमांक.

वास्तविक प्रसिद्धीचे त्याला वावडे नव्हे. त्याचे नाव जेसीबीच्या सोंडेवर, छबी नाक्यावरच्या प्रत्येक वाढदिवसाच्या फलकावर, आणि मोबाइल क्रमांक तर वीटभट्टीच्या भिंतीवर हातभर अक्षरांत. परंतु संस्थेचा हिशेबनीस या नात्याने मी पॅनचा तगादा लावला की त्याची मुद्रा एकाएकी विरक्त होई. "मास्तर, नंबर एकदा कागदावर गेला की सरकार घर बघून ठेवतं."

भिंतीचे बिल २,४०,००० रुपयांचे. तेव्हा अमलात असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम १९४ सी सांगे की, ठेकेदार एकटा इसम असल्यास शेकडा १, म्हणजे २,४०० रुपये, कापून सरकारजमा करावे. आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेले कलम २०६ एए बजावी की, मजकूर इसम पॅन न देईल तर शेकडा २०, म्हणजे ४८,०००. बरे, दया येऊन कापलेच नाहीत, तर कसूरदार ठरे तो न कापणारा, तोही दरमहा शेकडा १ व्याजासह. मौनव्रत ठेकेदाराचे आणि प्रायश्चित्त हिशेबनिसाचे, अशी ही शास्त्रशुद्ध वाटणी होती.

यावर ठेकेदाराने जी तोड सुचविली, तिच्यात प्रतिभा होती हे मान्य केले पाहिजे. एका बिलाला ३०,००० आणि एका इसमाला वर्षात १,००,००० एवढ्या मर्यादेपर्यंत कपात लागत नसे, हे त्याला माझ्याहून चोख ठाऊक. सबब त्याने नऊ बिले आणली, ती तीन नावांवर, प्रत्येकाचे ८०,०००: एक स्वतःचे, एक धाकट्या भावाचे, एक सौभाग्यवतीचे. डोळखांबहून पुढे डेहण्याला आजोबा डोंगर आहे, तेथे वाल्मीकींचा आश्रम होता असे आमच्याकडे मानतात. त्या वाल्या कोळ्याच्या कुटुंबाने पापात वाटा घेण्यास साफ नकार दिला होता. आमच्या ठेकेदाराच्या कुटुंबाने मात्र बिलात वाटा घेण्यास तत्काळ संमती दिली. (एका भिंतीचे तीन बांधकामकार कोणते, असे हिशेबतपासनिसांनी विचारले असते, तर कोणती वीट वहिनींनी लावली हे मला दाखवावे लागले असते.) मी नऊही बिले परत केली.

अखेर तिमाहीचे विवरणपत्र, नमुना २६ क्यू, भरण्याची वेळ आली. त्यात प्रत्येक ठेकेदाराच्या नावाशेजारी पॅनचा दहा अक्षरांचा रकाना असे आणि तो रिकामा ठेवण्याची मुभा नसे. परंतु सरकार दूरदर्शी आहे. जो आपला क्रमांक देत नाही, त्याच्यासाठी त्याने स्वतःच एक शब्द घडविला आहे: 'पॅन नॉट ॲव्हेलेबल' या इंग्रजी शब्दांतली काही अक्षरे गाळून, बरोबर दहा अक्षरांत कोंबलेला. खऱ्या पॅनचे चौथे अक्षर माणूस, कंपनी की न्यास हे सांगते आणि माणूस असल्यास पाचवे त्याच्या आडनावाचे आद्याक्षर असते. या शब्दाचे चौथे अक्षर 'एन' आणि पाचवे 'ओ', म्हणजे दोन्ही मिळून 'नो'. सरकारी दप्तरात एवढी समर्पक कोटी मी अन्यत्र पाहिली नाही, आणि ती कोणी जाणूनबुजून केली असेल असेही मला वाटत नाही.

१,९२,००० चा धनादेश घेण्यास ठेकेदार आला, तेव्हा उरलेले ४८,००० कोठे गेले म्हणून त्याने विचारले. मी विवरणपत्राची प्रत पुढे केली. आपल्या नावाशेजारची ती अक्षरे त्याने बोट ठेवून मोजली, ती दहा भरली, आणि त्याचा चेहरा संतापाने लाल झाला.

"मास्तर, हा नंबर चुकीचा टाकलात. माझा असा नाही."

मी लगबगीने लेखणी उचलली. "मग कसा आहे?"

त्याने दाराबाहेर एकवार पाहिले, आवाज उतरवला आणि म्हणाला, "ते नाही सांगायचं."