प्रोग्राम फाइल्सचा जंजिरा

मुरुडला डीटीपीचं दुकान चालवणाऱ्याला दोन अजिंक्य किल्ल्यांशी रोजचा संबंध. एक राजपुरीसमोरच्या पाण्यातला जंजिरा, दुसरा सी ड्राइव्हमधला प्रोग्राम फाइल्स.

माझ्याकडे अजून पेजमेकर ७ आहे, २००१ सालचं. हसू नका. गावातल्या कितीतरी लग्नपत्रिका आणि बिलबुकं श्रीलिपीत टाईप होऊन त्यातच पडून आहेत. मोठीच्या पत्रिकेवरून धाकटीची करायची, नवरा आणि तारीख तेवढी बदलायची.

विंडोज एक्सपीच्या राज्यात मोकळं रान होतं. घरात जो बसेल तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. सॉफ्टवेअरही आपली सेटिंग्ज प्रोग्राम फाइल्समधल्या आपल्याच फोल्डरात लिहून ठेवायची. २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि दारावर पहारा बसला. कारण रास्तच; त्या दारानं व्हायरसही आत यायचे. पण आधीच्या जमान्यातल्या पेजमेकरला हे कोण सांगणार? ते जुन्या सवयीनं लिहायला जातं आणि पाटी येते: इथे सेव्ह करायची परवानगी नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला भेटा.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मीच! दुकान माझं, कॉम्प्युटर माझा, लाइटबिल माझ्या नावावर. कचेरीत निदान साहेब जेवायला तरी गेलेले असतात. इथे साहेब खुर्चीत बसून स्वतःच्याच सहीची वाट बघतायत. खरी मेख अशी, की मी साहेब असलो तरी माझे प्रोग्राम शिपाई म्हणूनच चालतात. राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हटलं की तेवढ्यापुरती बढती.

कधी कधी तर पाटीही येत नाही. विंडोज फाइल गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात नेऊन ठेवतं आणि पेजमेकरला सांगतं, लिहिलं हो! आपण मूळ फोल्डर धुंडाळत बसतो. दुसऱ्या नावानं लॉगिन करणाऱ्या दुकानातल्या पोराला तर ती सेटिंग्ज दिसतच नाहीत, आणि तो शपथेवर सांगतो की मी कशाला हात लावला नाही.

गावातल्या जाणकारांचा उपाय ठरलेला: सगळ्या सी ड्राइव्हवर 'एव्हरीवन', 'फुल कंट्रोल'. म्हणजे महादरवाजा उघडून वर दवंडी पिटायची. असलं काही करू नये. फक्त पेजमेकरच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट. 'युजर्स'समोर 'मॉडिफाय'ची खूण करायची. पुरतं तेवढं.

मी मात्र इतिहासाला स्मरून वेगळा मार्ग धरला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव घालून जंजिऱ्यापर्यंत वाट न्यायचा घाट घातला, तरी तो पडला नाही. त्याआधी शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्गच उभारला होता. मीही पेजमेकर काढून प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून बसवलं. फोल्डरचं नाव अर्थातच पद्मदुर्ग. खरा पद्मदुर्ग पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या हाती गेला, हे ध्यानात ठेवून बॅकअप पेनड्राइव्हवर घेतो.

मग एकदऱ्याच्या मावशींच्या लेकीची पत्रिका पहिल्या झटक्यात सेव्ह झाली. मी विजयी मुद्रेनं प्रूफ पुढे केलं. मावशींनी चष्मा चढवून वाचलं.

"चुलत्याचं नाव मामाच्या खाली? त्यांना न विचारता?"

ही परवानगी सिक्युरिटी टॅबमध्ये नसते. मावशींनी फोन लावला आहे, आणि चुलते समुद्रावर गेलेत.