खिशातली कचेरी
(एकपात्री विनोदी प्रयोग)

(स्थळ : लंडनच्या डॉलिस हिल भागातील महाराष्ट्र मंडळाचे सभागृह. रंगमंचावर एक टेबल, एक खुर्ची आणि लाल फितीने बांधलेले एक दप्तर. धोतर, त्यावर जाड लोकरी कोट आणि कानटोपी अशा वेषात एक निवृत्त अव्वल कारकून प्रवेश करतात. आधी दप्तराला नमस्कार करतात, मग प्रेक्षकांना.)

मंडळी, १९३२ साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या व्यासपीठावर, सातारा जिल्ह्यातील एका मामलेदार कचेरीत आयुष्य वेचून सेवानिवृत्त झालेल्या माझ्यासारख्या अव्वल कारकुनास पाचारण करण्यात चालकांचा हेतू काय असावा, याचा मी पुष्कळ विचार केला. आणि ज्या अर्थी विषय ‘मनुष्य यंत्राच्या फार आहारी गेला आहे काय’ असा ठेवला आहे, त्या अर्थी यंत्रापासून अद्याप अलिप्त राहिलेला एक इसम नमुन्यादाखल पाहावयास मिळावा, एवढाच तो असला पाहिजे, या निष्कर्षाप्रत आलो. (थांबून) परंतु दारात काय घडले? एका स्वयंसेवकाने ‘आपापले मोबाईल बंद करा’ अशी ताकीद दिली. ती शिरोधार्य मानून मंडळींनी मोबाईल बंद केले न केले तोच दुसऱ्याने विचारले, ‘तिकीट दाखवा.’ आणि तिकीट मोबाईलमध्ये! तेव्हा कायद्याच्या काटेकोर दृष्टीने पाहता, या क्षणी येथे विराजमान झालेला प्रत्येक सद्गृहस्थ एक तर विनातिकीट आहे, नाही तर हुकमाची अवज्ञा करणारा आहे. (दप्तरावर हात ठेवून) तूर्त मी कोणाचीही नोंद घेत नाही.

हॅरोला चिरंजीवांच्या घरी येऊन दाखल झालो तेव्हा, तरुण पिढी या यंत्रापायी वाया गेली, हे सर्व वृद्धांस निवृत्तिवेतनाबरोबर आपोआप प्राप्त होणारे मत माझेही होते. सकाळी उठल्याबरोबर करदर्शन करावे असे शास्त्र सांगते. आमचे चिरंजीव करदर्शन न चुकता करतात, फक्त त्या करात मोबाईल असतो. सूनबाईंना थंडी वाजली तर भिंतीवरची कळ दोन हातांवर असताना त्या मोबाईलमार्फत तिला विनंती करतात. तेव्हा हे प्रकरण ऐकीव माहितीवर निकालात न काढता, नातीला पंच नेमून, मी चिरंजीवांच्या मोबाईलचा रीतसर पंचनामा करण्याचे ठरविले.

(दप्तर सोडून कागद काढतात, चष्मा चढवून वाचतात.) ‘मौजे हॅरो येथील एका इसमाच्या उजव्या खिशात मिळून आलेला मुद्देमाल येणेप्रमाणे : एक पेढी, एक दवाखाना, शाळेचे हजेरीपत्रक, रेल्वेची तिकीटखिडकी, घराची किल्ली, गाडी उभी करण्याचे परवाने अनेक, कारण एका नगरपालिकेचा परवाना शेजारच्या नगरपालिकेस मंजूर नाही, आणि...’ (चष्मा काढून) मंडळी, येथे पंचासकट माझा हात थरथरला... ‘आणि सदर इसमाचा या देशात वास्तव्य करण्याचा हक्क.’

पूर्वी या हक्काचे एक कार्ड मिळत असे. बहुतेक सर्व कार्डांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ या एकाच तारखेस संपवून सरकारने त्या जागी ई-व्हिसा आणला. आता घरमालकाने किंवा नोकरी देणाऱ्याने पुरावा मागितला म्हणजे चिरंजीवांनी सरकारच्या संकेतस्थळावरून एक सांकेतिक क्रमांक काढावयाचा, आणि तो नव्वद दिवस चालतो. ज्या मनुष्याने जन्मभर शिक्क्यावाचून कागद आणि कागदावाचून माणूस ओळखला नाही, त्याच्या मनाची अवस्था काय झाली असेल? मी विचारले, ‘मूळ दस्तऐवज कोठे आहे?’

‘बाबा, कागद नाहीच. सगळं ऑनलाइन.’

‘आणि मोबाईल हरवला तर?’

‘दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करायचं.’

‘ते कसे?’

‘मोबाईलवर कोड येतो.’ (स्तब्धता) ‘किंवा ईमेलवर.’

‘ईमेल कोठे पाहतोस?’

‘मोबाईलवर.’

(दप्तर छातीशी धरून) मंडळी, आमच्या कचेरीवर लोक लालफितीचा आरोप करीत. पण फितीला निदान दोन टोके असत!

तेव्हा या यंत्राच्या अंगी हा सरकारी स्वभाव आला कोठून, याची मी पूर्वपीठिका तपासली. आणि ती याच देशात सापडली. १ जानेवारी १९८५ रोजी लंडनच्या सेंट कॅथरिन डॉक्समधून एर्नी वाइज यांनी मोबाईलवरून समारंभपूर्वक बोलणे केले. हे गृहस्थ विनोदी नट. म्हणजे या यंत्राचा जाहीर मुहूर्तच विनोदी नटाच्या हस्ते झाला, आणि आज माझ्याकडून चालू आहे ती केवळ परंपरा! बोलणे गेले ते न्यूबरी गावी, व्होडाफोनच्या कचेरीत, आणि ती कचेरी होती एका करी-हाउसच्या माथ्यावर. फोडणीचा वास हा या यंत्राच्या जातकर्मातच आहे, हे माझ्या सौ.च्या ध्यानात आणून दिल्यापासून स्वयंपाकघरात मोबाईल नेण्यास तिने चिरंजीवांस मज्जाव केलेला नाही. त्या यंत्राचे वजन सुमारे ५ किलो, आणि बोलणे चालावयाचे अर्धा तास. वजनाची ती अट कायम राहती, तर आज ही सभा भरविण्याचे प्रयोजनच उरले नसते.

पुढे ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ नामक तरुण अभियंत्याने संगणकावरून रिचर्ड जार्व्हिस या अधिकाऱ्याच्या मोबाईलवर जगातला पहिला लेखी संदेश धाडला : नाताळच्या शुभेच्छा. अधिकाऱ्यास तो पोचला. उत्तर गेले नाही, कारण त्या मोबाईलवर अक्षरे लिहिण्याची सोयच नव्हती. अर्ज पोचला, उत्तर नाही! जन्मतःच असे लक्षण दाखविणारे बालक पुढे कचेरी होणार, हे त्याच दिवशी कोणाही जाणत्या शिरस्तेदाराने ओळखले असते.

आणि कचेरी म्हटली की मुदत आली. ६ डिसेंबर २०१८ रोजी ओटू या मोबाईल कंपनीच्या जाळ्यातील तीन कोटींहून अधिक ग्राहकांचे इंटरनेट बंद पडले. कारण? घातपात नव्हे, भूकंप नव्हे. एरिक्सन कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील एका दाखल्याची मुदत संपली होती! (हात जोडून) हे वाचले आणि मला सातारा आठवला. आमच्याकडे मुदतबाह्य दाखल्यापायी फार तर एखाद्या अर्जदाराची तगाई अडली असती. येथे लंडनच्या बसथांब्यांवरील वेळ सांगणारे फलकसुद्धा मुके झाले. बसगाड्या धावत होत्या, ही गोष्ट निराळी. परंतु समोर उभी राहिलेली बस खरी मानावी की न बोलणारा फलक, या धर्मसंकटात त्या दिवशी कोणी सापडलाच नसेल, असे छातीठोकपणे मला तरी सांगता येणार नाही.

आता कोणी म्हणेल, पूर्वीचा मनुष्य स्वावलंबी होता. (मान हलवून) हे रुजुवातीस उतरत नाही. २४ जुलै १९३६ पासून लंडनकर टेलिफोनवर टी-आय-एम ही अक्षरे फिरवून नुसती वेळ विचारीत, आणि एथेल केन या टेलिफोनवरील बाईंच्या मुद्रित आवाजात ती सांगितली जाई. खुद्द बिग बेनच्या मुलखातील माणसे किती वाजले हे यंत्राला विचारीत होती! परंतु त्या बाईंनी कोणास जन्मतारीख विचारली नाही, गुप्तशब्द बदलावयास लावला नाही, ‘मी यंत्र नाही’ असे खुद्द यंत्रापुढे कबूल करून घेऊन मोटारसायकलींची चित्रे निवडावयास सांगितली नाहीत. पूर्वी मनुष्य यंत्राची उलटतपासणी घेई; हल्ली यंत्र मनुष्याची घेते.

आणि येथेच, मंडळी, माझे मत फिरले. (खुर्चीवर बसतात.) नातीचे नाचाचे व्हिडिओ, सौ.चे साताऱ्यातील आपल्या बहिणींशी अहोरात्र चालणारे संभाषण, ही करमणूक आहे; ती कोणी हिरावू नये, फार तर जेवणापुरती तहकूब ठेवावी. परंतु अर्ज भरणे, जोडपत्रे लावणे, नोंद करणे, मुदत सांभाळणे, ही कामे आम्ही कारकून करीत होतो, आणि त्यापोटी सरकार आम्हांस वेतन, महागाई भत्ता, किरकोळ रजा आणि अखेरीस पेन्शन देत असे. तीच कामे आज चिरंजीव रात्री अकरा वाजता पलंगावर आडवे होऊन, विनावेतन, बिनतक्रार करतात. आणि शेजारून जाणारा वृद्ध म्हणतो, ‘काय हे व्यसन!’ अहो, मी गावी व्यसनी पुष्कळ पाहिले. नगरपालिकेचा कर भरताना तल्लीन होऊन डोलणारा अद्याप एकही पाहिला नाही. लंडनच्या बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख पैसा चालत नाही; मोटार उभी करावी तर नाण्यांचे यंत्र जागोजाग काढून नेलेले; सर्व खिडक्या एकेक करून बंद करावयाच्या, आणि उरलेल्या एका खिडकीशी गर्दी झाली की लोकांना त्या खिडकीचे वेड लागले म्हणावयाचे, हा कोठला इन्साफ?

(उठून, आवेशाने) पण उपाय आहे, आणि तोही आमच्या खात्यातला : हरकत! २०२३ च्या जुलैत इंग्लंडमधील बहुतेक रेल्वे तिकीटखिडक्या बंद करण्याची योजना जाहीर झाली, त्यावर सुमारे साडेसात लाख लोकांनी आपले म्हणणे लेखी मांडले, आणि ३१ ऑक्टोबर रोजी ती योजना गुंडाळण्यात आली. साडेसात लाख! एवढी आवक नोंदविणाऱ्या त्या अनाम कारकुनास माझा साष्टांग नमस्कार. सबब मीही एक अर्ज तयार केला आहे. (वाचतात.)

‘मेहेरबान राजेसाहेबांचे सरकार यांचे सेवेशी. विषय : एक खिडकी उघडी ठेवणेबाबत. विनंती अर्ज करण्यात येतो की, मोबाईलबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तो सुखेनैव चालावा. मात्र प्रत्येक कचेरीत, दवाखान्यात, बसमध्ये व वाहनतळावर एक खिडकी अशी ठेवावी की जिच्यापलीकडे मनुष्य असेल, आणि तो चहाला गेला असल्यास परत येण्याची शक्यता असेल. कळावे, ही विनंती.’

ज्यांस हे मान्य असेल त्यांनी खाली सह्या कराव्यात. (कागद पुढे करून) पेन... पेन आहे का कोणाकडे? इतक्या विद्वान मंडळींत एक पेन नाही? (कानाला हात लावून) काय म्हणता? क्यूआर कोड लावू? सह्या मोबाईलवरून होतील?

(दीर्घ विचार करून) लावा. हरकत नाही. मात्र तो कोड कागदावर छापून लावा, त्याला जावक क्रमांक द्या, आणि स्थळप्रत माझ्या दप्तरात ठेवा.

(दप्तर काखोटीस मारून ऐटीत निघून जातात. पडदा.)