कर्जबाजारी म्हणजे कर्जबुडवा नव्हे

हैदराबादेत 'अमक्यानं आयपी टाकली' एवढं कळलं की सगळा बाजार त्याला चोर ठरवून मोकळा होतो. आयपी म्हणजे इन्सॉल्व्हन्सी पिटिशन, नादारीचा अर्ज. लोकांचे पैसे गोळा करून गाशा गुंडाळणाऱ्यांनीही या अर्जाचा आडोसा घेतला, म्हणून तो बदनाम झाला. पण त्या लबाडांची शिक्षा नोकरी गेलेल्या कारकुनानं किंवा दवाखान्याच्या बिलात बुडालेल्या बाईनं का भोगायची?

आयपी हा गुन्हा नाही. 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्यानं दिलेला तो हक्क आहे. फेडायची ऐपत उरली नसेल आणि कर्ज 500 रुपयांचं जरी असेल, तरी माणूस दिवाणी न्यायालयात जाऊ शकतो. शहरात त्यासाठी पुरानी हवेलीचं सिटी सिव्हिल कोर्ट आहे. 500 या आकड्यावरूनच कायद्याचं वय कळतं. संसदेनं 2016 साली नवी दिवाळखोरी संहिता केली, तीत हा जुना कायदा रद्द करण्याची तरतूद केली आणि व्यक्तींसाठी वेगळा भाग लिहिला. त्या भागातलं फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरतं दार 1 डिसेंबर 2019 पासून उघडलं. बाकीच्यांसाठी ते अजून बंदच आहे. कंपनी बुडाली की तिच्यासाठी न्यायाधिकरण, मुदती, व्यावसायिक तज्ज्ञ, सगळं हजर. क्रेडिट कार्डावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज भरणाऱ्या माणसाच्या वाट्याला मात्र शंभरी उलटलेला कायदा. हा सरळसरळ अन्याय आहे.

त्याची किंमत या शहरानं पाहिली आहे. डिसेंबर 2020 मध्ये झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांच्या छळानं तेलंगणात माणसांनी जीव दिले. कर्जदाराच्या फोनमधले नंबर काढून त्याच्या नातेवाइकांना बदनामीचे संदेश जात होते. पोलिसांनी कॉल सेंटरांवर छापे घातले, जानेवारी 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनं अभ्यासगट नेमला. वसुली एजंटानं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असं बँकेनं 2022 मध्ये बजावलं. हे पाठ करून ठेवा. आणि तुरुंगाची धमकी मिळाली तर हेही सांगा, की निव्वळ गरिबीमुळे पैसे देता आले नाहीत म्हणून कुणाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1980 सालीच हे सांगून ठेवलंय.

आता वकिलाचं. 'हप्ते थांबवा, कर्ज निम्म्यात मिटवून देतो' अशी जाहिरात दिसली तर दुरूनच नमस्कार करा. वकिलानं जाहिरात करून पक्षकार गोळा करायचे नाहीत, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. हप्ते थांबले की व्याज आणि दंड तुमच्या डोक्यावर चढतो, फी मात्र आधीच त्यांच्या खिशात. शिवाय तडजोडीनं मिटलेलं कर्ज सिबिलच्या नोंदीत 'सेटल्ड' म्हणून राहतं, पूर्ण फेडलेलं म्हणून नाही.

सिव्हिल कोर्टात नादारीचे अर्ज प्रत्यक्ष चालवलेला वकील शोधा. फी कागदावर घ्या. आणि त्याला पहिल्याच भेटीत विचारा, की या अर्जानं काय सुटणार नाही. जो वकील 'सगळं सुटेल' म्हणेल, त्याच्याकडून उठा. सरकारी देणी सुटत नाहीत, फसवून घेतलेलं कर्ज सुटत नाही, बायकोमुलांची पोटगी सुटत नाही. चेक परत गेल्याचा फौजदारी खटला चालूच राहतो. गहाण घरावरचा बँकेचा हक्क कायम राहतो. तुमच्या शब्दाखातर जामीन राहिलेला मेहुणाही तुमच्याबरोबर मोकळा होत नाही. काचीगुडा-सुलतान बाजारातल्या आपल्या मराठी घरांत सह्या अजून नात्याखातर होतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे. अर्ज करण्याआधी त्या मेहुण्याशी बोला.

कुणी 'घर बायकोच्या नावावर करून टाक' असा सल्ला दिला तर अजिबात ऐकू नका. नादारीचा अर्ज करण्याच्या मागच्या दोन वर्षांतलं असं फुकटचं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं, आणि मग प्रामाणिक माणूसही लबाडांच्या रांगेत जाऊन बसतो. मिळकत, देणी, दागिने, सगळं खरं लिहा. कोर्टाकडून मुक्तता मिळेपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता 50 रुपयांची उधारीसुद्धा गुन्हा ठरते.

वकिलाच्या फीला पैसे नसतील तर 15100 वर फोन करा. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

राहता राहिलं केंद्र सरकार. 2016 च्या संहितेत गरिबांना नव्यानं सुरुवात करू देणारं एक प्रकरण आहे. अट अशी की वार्षिक उत्पन्न 60,000 च्या आत, मालमत्ता 20,000 च्या आत आणि कर्ज 35,000 च्या आत हवं, स्वतःचं घरही नको. आज एका इस्पितळाच्या बिलात हे 35,000 संपतात. आधी हे आकडे वाढवा, आणि मग हे प्रकरण लागू करणारी अधिसूचना काढा. संहिता होऊन नऊ वर्षं उलटली. यापुढे एक दिवसही थांबायला सबळ कारण नाही.