एकोणपन्नास वर्षांचा वड

रत्नागिरीत पर्यावरण पहिल्यापासून होतं, फक्त त्याला मार्क नव्हते. 2 ऑक्टोबर 2020 पासून तीही सोय झाली. राज्य सरकारनं 'माझी वसुंधरा' अभियान काढलं आणि भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश ही पंचमहाभूतं पाच पेपरांसारखी शहरांना आणि गावांना वाटून दिली. भूमीच्या पेपरात झाडं आणि कचरा, जलात पाणी आणि सांडपाणी, वायूत हवा, अग्नीत वीज. आकाशाच्या पेपरात जनजागृती आणि शपथा. आकाशात दुसरं काय भरणार म्हणा! पहिला निकालही 5 जूनचा, पर्यावरण दिनाचा मुहूर्त धरून लागला. पूर्वी माणूस पंचत्वात विलीन व्हायचा. आता हा शब्द जपून वापरलेला बरा, कुठल्या रकान्यात धरतील सांगता येत नाही.

आमची नगर परिषद 1876 सालची. म्हणजे इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इथं आणून ठेवलं त्याच्याही आधीची. एवढ्या वयात परीक्षेला बसायचं, तेही दरवर्षी, याबद्दल मला तिच्याविषयी सहानुभूतीच आहे. त्यातून पेपर काढणारे बसतात मुंबईत, घाटावरच्या सपाट शहरांकडे बघत. सायकलला प्रोत्साहन द्या म्हणतात. जयस्तंभावरून मारुती मंदिराकडे सायकल घेऊन निघा. रत्नागिरीत सायकल माणसाला जेवढी नेते, तेवढाच माणूस सायकलला नेतो.

मोठ्या शहरांत पुलांच्या खांबांवर कुंड्या टांगून उभ्या बागा करतात. आमच्याकडे जुलै लागला की प्रत्येक गडगा, प्रत्येक कंपाउंड, शौचालयाची मागची भिंतसुद्धा शेवाळानं हिरवीगार होते. टेंडर नाही, ठिबक नाही, ठेकेदार नाही. पण याचे गुण मिळत नाहीत, कारण यात कोणी काही केलेलं नसतं. उलट स्वच्छ सर्वेक्षणाच्या आधी तेच शेवाळ खरवडतात, रंग देतात आणि वर झाडाचं चित्र काढतात. चित्राचा फोटो निघतो.

फोटो हीच इथं उत्तरपत्रिका. अक्षांश-रेखांशासकट लागतो. आमचं घोडं नेमकं इथंच पेंड खातं.

पाण्याचं बघा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण तो इथं राहायला येत नाही. गणपतीला आलेल्या चाकरमान्यासारखा येतो, धुमाकूळ घालतो आणि जांभ्यातून, वहाळातून, खाडीतून समुद्राला मिळून मोकळा होतो. मे महिन्यात रिक्षावर भोंगा लावून पाणी बंद असल्याचं सांगत फिरतात, तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगणात जुलैमधलं शेवाळ वाळून खपल्या झालेलं असतं.

आता या शहरानं जुन्या काळी काय केलं? पानवलला धरण बांधलं. धरण उंचावर, शहर खाली. पाणी उतारानं आपलं आपण चालत येणार. पंप नको, विजेचं बिल नको. मागाहून शहर वाढलं, तहान वाढली, शीळ धरणाचं पाणी पंपानं चढवून आणावं लागलं, आणि पानवलकडे बघणं कमी झालं. गंमत अशी की शीळच्या पंपाला उद्या सौरऊर्जा लावली तर अग्नीच्या पेपरात उत्तर लिहिता येईल. निळ्या काचा ओळीनं मांडलेल्या, समोर फीत, फितीमागे माणसं. पण ज्या पाण्याला पंपच लागत नाही त्याचं काय लिहिणार? न जळलेल्या विजेचा फोटो कसा काढतात हे मला कुणीतरी दाखवावं.

कचऱ्याच्या बाबतीत मात्र आम्ही सुरुवातीपासून शिस्तीचे. रत्नागिरीचा कचरा वर्षानुवर्षं साळवी स्टॉपला उतरत आला. पुढे दांडेआडोमला न्यायचं ठरलं होतं, पण दांडेआडोमकरांनी 'आमच्याकडे नको' म्हटलं, प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा पुढची गाडी कधी, हा प्रश्न त्या कचऱ्यालाही पडला असेल. स्टॉपवर उभं राहणाऱ्या प्रत्येकालाच तो पडतो.

पुनर्वापराचा आमचा सगळ्यात मोठा नमुना मात्र कुणी अर्जात लिहिला की नाही, शंका आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन धडकलं. खलाशी सुखरूप उतरले, जहाज राहिलं. नंतर कितीतरी पावसाळे ते तिथंच होतं, आणि आम्ही त्याचा सेल्फी पॉइंट केला. एवढ्या टनांचं भंगार एक पै खर्च न करता पर्यटनाला लावणारं दुसरं शहर दाखवा.

अभियानाच्या बहुतेक काळात शहराला नगरसेवकच नव्हते, हेही नोंदवून ठेवतो. 2016 नंतरची निवडणूक झाली ती थेट 2025 च्या डिसेंबरात. नगरसेवक नाहीत तर वाढदिवसांचे फ्लेक्स नाहीत, केवढं प्लास्टिक वाचलं, असा मी हिशेब मांडायला बसलो होतो. मग लक्षात आलं की नगरसेवक मोजकेच असतात, इच्छुकांना मर्यादा नसते.

आता झाडं. हा माझा आवडता धडा. झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा नागरी कायदा 2021 मध्ये सुधारला. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड ते वारसा वृक्ष. आणि जे झाड तोडाल त्याच्या वयाइतकी नवी लावायची, सात वर्षं जगवायची. कायदा झकास आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. पण ज्यानं तो लिहिला, त्यानं आयुष्यात कधी लग्न जमवलेलं नसणार. वयावर एवढं काही अवलंबून आहे म्हटल्यावर वय खरं कोण सांगेल? बुंध्याला टेप लावून अंदाज करायचा म्हणे. टेप कुणाच्या हातात आहे यावर बुंधा बारीक होतो. मला तर दिसायला लागलंय की थोड्याच वर्षांत गावोगावचे वड, पिंपळ, आंबे सगळे एकोणपन्नासाव्या वर्षी थांबतील. सव्वाशे वर्षांचा वड, पारंब्या जमिनीत रुतून त्यांचे खांब झालेले, आणि कागदावर वय एकोणपन्नास. एखाद्या जुन्या नटीसारखं.

हे मी उगाच कल्पनेनं लिहीत नाही. गेल्या मे महिन्यातच आमच्या शेजारच्या काकींकडे एक मुलगा आला होता, कॉलेजचा, गळ्यात ओळखपत्र. शपथ घ्यायला लावत होता, मोबाइलवर. काकी अठ्ठ्याहत्तरच्या. मोरीच्या पाण्यावर त्यांचं अळू, पुढं केळी, ओला कचरा सगळा माडाच्या आळ्यात. मुलगा म्हणाला, "आजी, म्हणा, मी पाणी वाया घालवणार नाही."

काकी म्हणाल्या, "विहीर तळाला गेलीय बाबा. रहाटानं एक कळशी ओढून बघ, मग म्हण तूच."

मुलानं खरोखर ओढली. कळशी वर आली तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता की शपथ त्यानं मनातल्या मनात दोनदा घेतली असावी. मग अळूच्या वड्या खाल्ल्या. अळूचा फोटो काढला, पण 'सांडपाणी प्रक्रिया' या रकान्यात तो चढेना. राहता राहिली काकींची शपथ. तिला ओटीपी लागतो. नंबर दिलेला काकींच्या मुलाचा, तो डोंबिवलीला. म्हणजे रत्नागिरीची शपथ डोंबिवलीत जाऊन पडली. तिकडून लगेच फोन. "आई, कसला ओटीपी? कुणाला सांगू नको हां, लुबाडतात."

काकींनी समजावून सांगितलं. पर्यावरणाचं आहे, पोरगा चांगला आहे, आता अंगणातला फणस मोजतोय.

पलीकडे क्षणभर शांतता. त्या जागेत चार मजली बिल्डिंग उठवायचं मुलाच्या मनात आहे, हे आख्ख्या आळीला ठाऊक. "आई," तो सावकाश म्हणाला, "फणसाचं वय विचारलं तर एकोणपन्नास सांग."

काकींनी फोन कानापासून दूर धरला, फणसाकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला.

"एकोणपन्नास? अरे, तुझ्या बारशाला मी याच फणसाचे गरे वाटले होते. तुला यंदा चोपन्नावं लागलंय. मग तुझं किती सांगू?"