यंदा धबधबा!

केरळात मोसमी पाऊस दाखल झाल्याची बातमी आली, की आमच्या सोसायटीत बापू दाखल होतात. म्हणजे राहतात ते इथेच, पण वर्षभर ग्रुपवर नुसतं सुप्रभात टाकणारा हा गृहस्थ त्या दिवसापासून एकदम वेगळ्या आवाजात बोलू लागतो. "मंडळी, यंदा धबधबा. फक्त हो किंवा नाही कळवा. 'बघू' चालणार नाही." त्यावर सगळे अंगठा दाखवतात, आणि तो कुठल्या अर्थानं दाखवला हे कळायला बापूंना ऑगस्ट उजाडतो.

असा एक बापू तुमच्याकडेही असणारच. कुठे तो बँकेतला असतो, कुठे शाळामास्तर. आमचे बापू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे प्रकरण जरा जास्त शास्त्रशुद्ध. पाऊस 'पडला' असं ते म्हणत नाहीत, 'नोंदला गेला' म्हणतात. खडकवासल्याचा विसर्ग त्यांना पाठ असतो. तळमजल्यावरच्या काकूंनी एकदा सहज विचारलं, "साताऱ्याला पाऊस आहे का हो?" झालं! सातारा शहरातल्या पावसावर जायचंच नसतं, सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस बघायचा असतो, महाबळेश्वरला धो धो कोसळत असतं तेव्हा खाली वाईत लोक छत्री काखेत धरून फिरतात, इथपासून जे सुरू झालं ते काकूंचं दूध उतू जाऊन गॅस विझेपर्यंत चाललं.

जागा ठरवणं हा बापूंचा आवडता भाग. तरुण मंडळींना देवकुंड हवं असतं. तिथे पावसाळ्यात प्रशासनाची बंदी असते, हे सांगताना बापूंना दुःख होत नाही, उलट बंदीचा आदेश ते ग्रुपवर टाकतात आणि खाली टीप देतात : पूर्वीचं कलम १४४ विसरा, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १६३ आहे. मग कुणीतरी दूधसागर काढतं. दूधसागरची फाइल बापूंकडे वेगळी आहे. मांडवी नदी, उंची ३१० मीटर, चार टप्पे. पुण्यामार्गे धावणारी गोवा एक्स्प्रेस अगदी त्याच्या समोरून जाते, पण तिथे उतरायला मनाई. २०२३ च्या जुलैत काही पर्यटक उतरले, तर पोलिसांनी त्यांना रुळांशेजारी कान धरून उठाबशा काढायला लावल्या. "आपल्या ग्रुपचं सरासरी वय बघता," बापू लिहितात, "उठाबशा परवडणाऱ्या नाहीत." बरं, रस्त्यानं जावं, तर कुळ्याहून जाणाऱ्या जीपगाड्या पावसात बंद. त्या सुरू होतात ऑक्टोबरच्या सुमारास. थोडक्यात, पाणी असतं तेव्हा वाट नसते आणि वाट होते तेव्हा पाणी ओसरू लागतं. यावर बापूंनी एक तक्ताच केला होता. तो उघडून बघणारा मी एकटाच, असा माझा अंदाज आहे.

शेवटी दरवर्षी ठरतं ते ठोसेघर. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर, वाटेत सज्जनगड, येताना कंदी पेढे. म्हणजे तीन पिढ्यांची सोय. शिवाय पाण्यात उतरायचंच नाही, पायऱ्या उतरून समोरच्या कठड्यामागून दरीपलीकडचा धबधबा बघायचा, त्यामुळे कुणी बुडण्याचा प्रश्न नाही. बापूंसारख्या माणसाला धबधबा असाच लागतो, कठड्यापलीकडचा.

खरी कसोटी तारखेची. आषाढी झाल्याशिवाय ज्येष्ठ मंडळी निघत नाहीत. श्रावण लागायच्या आत गेलं तरच जेवणात राम आहे, असं मानणारा एक गट आहे. श्रावणात गेलं तरच सज्जनगडाला अर्थ, असं मानणारा दुसरा. एकीची मंगळागौर, एकाची युनिट टेस्ट (मुलाची, पण सुट्टी बापानं घेतलेली), आणि पुढे गणपती. बापूंनी चार रविवार देऊन ग्रुपवर मतदान घेतलं, तर बहुतेकांनी चारही रविवारांना मत दिलं. लोकशाहीवरचा बापूंचा विश्वास तेव्हापासून जरा डळमळीत झाला आहे. आता तारीख ते स्वतःच ठरवतात आणि सर्वानुमते ठरली असं कळवतात.

मग येते ती सूचनापत्रिका. 'पहाटे साडेपाच म्हणजे साडेपाच. सतरा सीटर गेटबाहेर उभी राहील, हॉर्न वाजवणार नाही. कपड्यांचा जादा जोड मोज्यांसकट. जुनी वर्तमानपत्रं, बूट भिजले तर आत कोंबायला. ज्यांना घाट लागतो त्यांनी आधीच्या रात्री पावभाजी टाळावी. ओवा, आलेपाक, मीठ.' मी म्हटलं, "बापू, मीठ कशाला?" "जळवा." "ठोसेघरला पायऱ्या आहेत हो, आपण काय जंगल तुडवणार आहोत?" बापूंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "नसतील जळवा, तर काकडीला होईल."

साडेपाचला गेटवर बापू, ड्रायव्हर आणि पिशवी एवढेच असतात. साडेसहाला गाडी हलते. खेड-शिवापूरचा टोलनाका येतो न येतो तोच मागून "चहा!" असा पुकारा होतो. वेळापत्रकात पहिला थांबा शिरवळचा, मिसळीचा, पण आता ते वेळापत्रक बापूंच्या वरच्या खिशात घडी होऊन गेलेलं असतं. एक मात्र आहे, माणूस चिडत नाही. खंबाटकी चढताना नवं वेळापत्रक तयार होतं, आणि त्यात आम्हाला मिळणारा वेळ आम्हाला न सांगता कमी केलेला असतो.

ठोसेघरला पोचलो तेव्हा समोर धुकं. दरी नाही, डोंगर नाही, नुसता पांढरा पडदा आणि त्याच्या आड घुमणारा आवाज. मंडळी हिरमुसली. बापूंनी घड्याळ पाहिलं. "धुक्यासाठी वीस मिनिटं राखीव ठेवलीत." त्यांनी खरंच ठेवली होती. तोवर सगळ्यांना कणसं घेऊन दिली, भज्यांची दुसरी ताटली सांगितली, मुलांची डोकी मोजली, त्यात एक जास्त भरलं म्हणून परक्यांचा एक पोरगा त्याच्या आईकडे पोचवला. तेवढ्यात वारा सुटला, धुकं फाटलं आणि तो उभाच्या उभा समोर आला. सगळे ओरडत कठड्याकडे धावले. बापू टपरीवर हिशोब करत होते : कणसं अमुक, भजी तमुक, चहा बिनसाखरेचे वेगळे. सुट्टे घेऊन ते पायऱ्या उतरून येईपर्यंत पडदा पुन्हा पडला होता.

"बापू, बघितलात का?" मी विचारलं.

"ऐकला की," बापू म्हणाले. "विसर्ग चांगला आहे."

परतीच्या वाटेवर गाडीत सगळ्यांनी त्यांना नावं ठेवली. सज्जनगडावर घाई केली, पेढ्यांच्या दुकानात जेमतेम दहा मिनिटं दिली, एसी लावू दिला नाही. ते पुढच्या सीटवर बसून टोलच्या पावत्या एकीला एक लावत होते. रात्री माणशी खर्चाचा आकडा ग्रुपवर पडला, त्यावरही अंगठे आले. पैसे आले ते निम्म्यांचे. उरलेले बापू मागत नाहीत, मागायला त्यांना जड जातं. ते फक्त आठवड्यानं तोच तक्ता पुन्हा टाकतात, 'माहितीसाठी' असं लिहून.

एवढं वाचलंतच आहे तर एक काम करा. तुमच्याकडच्या बापूंचा मागच्या सहलीचा तक्ता शोधा, आणि त्यात तुमच्या नावापुढची चौकट रिकामी असेल तर पैसे आजच पाठवा. पुढची गाडी ते पदरच्या पैशानंच ठरवणार आहेत.