धोक्याची पातळी ४५ फूट

मामांना कुठलीही नदी दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पातळी किती?" नदी दिसायला कशी आहे, काठाला काय आहे, हे सगळं मागनं. पाटबंधारे खात्यात हयात गेली, घर सांगलीत कृष्णेच्या बाजूला, त्यामुळं आयर्विन पुलापाशी पाणी मोजायची जी पट्टी आहे तीच त्यांची जग मोजायची पट्टी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून माणसंही ते याच मापात सांगतात. शेजारच्या तापट वकिलांबद्दल, "आज चाळीसला आलेत, भाड्याचं नंतर बोल." सूनबाईंबद्दल मात्र कधी आकडा सांगत नाहीत. तेवढा धोका त्यांना कळतो.

असे मामा जुलैत तोक्योला आले, मामींसकट. मामेभाऊ निशी-कासाईत राहतो, मीही तिथंच, तीन इमारती सोडून. संगणकवाले भारतीय या भागात इतके जमलेत की तुरीची डाळ संपली म्हणून कुणाचं अडत नाही. भावाला सुट्टी नव्हती, म्हणून मामा-मामींना फिरवायचं काम माझ्याकडं आलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हाती एक कागद लागला. निशी-कासाई ज्या एदोगावा वॉर्डात येतं त्याचा बराच मोठा भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. २०१९ च्या मे महिन्यात तिथल्या पालिकेनं पुराचा नकाशा काढला आणि मुखपृष्ठावर, वॉर्डाच्याच चित्रावर, सरळ छापलं की इथं थांबू नका. मी अर्थ सांगितला तर मामांनी तो नकाशा कपाळाला लावायचा तेवढा बाकी ठेवला.

"मे मध्ये छापला? पुराच्या आधी? याला म्हणतात खातं!"

"अहो, पण म्हणजे आपण बुडायच्या जागी राहतोय," मामी म्हणाल्या.

"मग सांगलीत कुठं राहतोय?"

रोज सकाळी चहाबरोबर मामा फोनवर सांगलीचे गट उघडत. कोयनेतून किती क्युसेक सोडले, आयर्विनला किती फूट, हे मोठ्यानं वाचून झाल्याशिवाय तोक्योचा दिवस सुरू होत नसे. "अहो, आपण जपानात आलोय," असं मामींनी म्हणून पाहिलं. "आपण आलोय. पाणी तिथंच आहे की."

परदेशी जाऊन आलेल्यांची एक जात सर्वांच्या ओळखीची आहे: तिकडचे रस्ते काय, तिकडची शिस्त काय, आणि आपल्याकडे हे असंच चालायचं. मामा बरोबर उलट्या जातीचे. यांना जगात नवीन असं काही दिसतच नाही. जे दिसेल ते सांगलीला आधीच असतं, बहुतेक वेळा थोडं जास्तच चांगलं. हा गर्व असता तर मी वैतागलो असतो. पण मामा गर्वानं बोलत नाहीत. जग आपल्या जागी नीट आहे ना, याची ते तपासणी करतात आणि शेरा मारून पुढं जातात.

त्यांना वेसण घालणारं माणूस एकच. मामी वाईच्या. त्यांचं बालपण कृष्णेच्या घाटावर गेलं, ढोल्या गणपतीच्या सावलीत. कृष्णा महाबळेश्वराहून निघते, आधी वाईला येते, मग माहुली, कऱ्हाड करत सांगलीला पोचते. या भूगोलाचा मामी संसारात फार वापर करतात. मामांनी नदीवरून फुशारकी मारली की एकच वाक्य: "तुमच्याकडं येतं ते आमचं आंघोळ झालेलं पाणी."

अशा या जोडीला मी असाकुसा दाखवायला नेलं. सुमिदा नदीकाठची ही तोक्योतली जुनी वस्ती. स्टेशनातून वर आलो तर समोर नदी आणि तिच्यावर लाल कमानींचा आझुमा पूल. मामा कठड्याला टेकून वाकले आणि पट्टी शोधू लागले.

"पूल कधीचा?"

"जागा जुनी आहे. १७७४ साली इथं पहिला पूल झाला. हा आत्ताचा १९३१ चा."

मामांचा चेहरा उजळला. "आयर्विन १९२९. आपला थोरला."

सुमिदाचे काठ सिमेंटनं बांधून काढलेत. १९१० च्या पुरानं तोक्यो बुडवलं तेव्हा इथल्या लोकांनी नदीचं पाणी वळवायला सुमारे २२ किलोमीटरचा नवा पाट खणला, तो १९३० ला पुरा झाला. हे सांगताना मी चूक केली असती तर मामांनी पकडलं असतं, म्हणून आदल्या रात्री वाचून गेलो होतो. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नदी उचलून दुसरीकडं ठेवली म्हण की." खात्यातल्या माणसानं खात्यातल्या माणसाला दिलेली ती दाद होती. पलीकडं ६३४ मीटरचा स्कायट्री मनोरा उभा होता. त्याच्याकडं एकदा बघून मामा म्हणाले, "त्याला काय भीती नाही."

सेन्सो-जी देवळाच्या दरवाजात तो प्रसिद्ध तांबडा कंदील टांगलेला आहे. जवळजवळ चार मीटर उंच, सातशे किलो वजन. सगळं जग त्याखाली उभं राहून फोटो काढतं. मामा खाली वाकून कंदिलाचं बूड बघत होते. तिथं पितळी पट्टी आहे. "काय लिहिलंय?" मी सांगितलं, देणगीदाराचं नाव. पूर्वीचा दरवाजा १८६५ च्या आगीत गेला, तो पुढं ९५ वर्षं नव्हताच. मात्सुशिता नावाच्या उद्योगपतींना दुखण्यातून उतार पडला, म्हणून त्यांनी १९६० साली दरवाजा आणि कंदील देवाला दिला. हेच ते नॅशनल रेडिओवाले.

"नवस फेडला," मामा म्हणाले. "आणि नाव घातलं. बरोबर आहे." आपल्याकडं देवळातल्या पंख्याच्या पात्यावर, बाकावर, पायरीवर कै. अमुक यांच्या स्मरणार्थ लिहिलेलं असतं. पात्यावरचं नाव पंखा बंद असतानाच वाचता येतं, एवढाच काय तो उणेपणा. मामांना इथं एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं.

देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. एका दुकानात 'कामिनारी ओकोशी' विकत होते. तांदळाच्या लाह्या पाकात घालून थापलेल्या वड्या. मामांनी एक तोंडात टाकली, डोळे मिटले, निकाल दिला: "चुरमुऱ्याचा लाडू. चौकोनी." आणि लगेच खांद्यावरच्या पिशवीत हात घातला. त्या पिशवीत सांगलीचं भडंग आहे हे मला माहीत असतं तर मी दुसऱ्या गल्लीनं गेलो असतो.

दुकानदार सत्तरीचे. त्यांनी मूठभर भडंग दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं, कमरेत वाकले आणि आमच्यासमोरच खाल्लं. लसूण आधी लागला असावा, कारण भुवया वर गेल्या. मग मिरची लागली. कपाळावर घामाचे थेंब आले, कान तांबडे झाले, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ते पुन्हा वाकले. मामा वाकले. ते आणखी खाली वाकले. मामांना कुणापुढं मागं सरायची सवय नाही. कंबरेचा पट्टा बांधलेला होता तरी गेले खाली. शेवटी मामींनी त्यांच्या शर्टाची कॉलर धरून ओढलं. दुकानदारांनी वड्यांचा एक पुडा फुकट दिला. "बघितलंस? मालाला माल," मामा म्हणाले.

देवळाची कथा अशी की ६२८ साली दोघा कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदात देवीची मूर्ती आली. काननची, म्हणजे अवलोकितेश्वराची. मामी म्हणाल्या, "आपण देव नदीत सोडतो, हे काढतात." आधीचं देऊळ १० मार्च १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळालं, आत्ताचं १९५८ चं. मामांनी खांबावर टिचकी मारून कान लावला. "आरसीसी." नमस्कार त्यानंतर.

तिथून आम्ही उत्तरेकडं चालत निघालो. वाटेत सारुवाका नावाची जुनी नाटकवाल्यांची पेठ लागते. १८४२ च्या सुमाराला शोगुनच्या सरकारनं नाटकं शहराच्या मध्यात नकोत म्हणून काबुकीची थिएटरं उचलून इथं आणून टाकली. सन ऐकून मामा भर रस्त्यात थांबले. सांगलीकराला या विषयात सवलत मागावी लागत नाही. विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' सांगलीत १८४३ ला झालं. एका वर्षानं जपान पुढं! मामांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की आज पट्टी मोडली.

पन्नास पावलं गेल्यावर ते बोलले. "यांच्या राजानं नाटकवाल्यांना हाकललं. आमच्या राजानं बोलावून घेतलं. चिंतामणराव पटवर्धनांनी. वर्ष कशाला बघायचं?"

"कुठं लिहिलंय हे?" मामींनी विचारलं.

"विश्वकोशात बघ."

"तो वाईत होतो," मामी म्हणाल्या.

मी त्यांना नेत होतो ते मात्सुचियामाला. नदीकाठची सुमारे दहा मीटर उंचीची टेकडी, वर देऊळ. देव शोतेन, म्हणजे आपला गणपतीच, बौद्ध धर्माबरोबर चीनमधून जपानात पोचलेला. हे मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. सांगलीच्या गणपतीच्या दारातला माणूस इथं तरी गप्प होईल, अशी माझी कल्पना.

पायऱ्यांवर, दिव्यांवर, जिथं बघावं तिथं दोन खुणा कोरलेल्या: पैशाची थैली आणि मुळा. थैली धंद्यासाठी, मुळा आरोग्यासाठी आणि घरातल्या सलोख्यासाठी. देवापुढं चक्क मुळे वाहतात.

"मुळा? गणपतीला?" मामी हबकल्या. "दूर्वा नाहीत?"

"थैली मोदकासारखी आहे की," मामा म्हणाले. "चालतंय. मूर्ती कुठाय?"

"मूर्ती दाखवत नाहीत, मामा. गुप्त आहे. कुणालाच दर्शन नाही."

मला वाटलं, आता. मामा क्षणभर बंद गाभाऱ्याकडं बघत राहिले आणि मग इतक्या मोठ्यानं ओरडले की पुढची बाई दचकली. "चोर गणपती!"

सांगलीत गणेशचतुर्थीच्या आधी काही दिवस देवळात कागदाच्या लगद्याचे गणपती गुपचूप बसतात. वाजंत्री नाही, गाजावाजा नाही. त्यांना चोर गणपती म्हणतात. मामांनी मला हे सगळं हाताला धरून सांगितलं, जणू मी मिरजेचा.

"आमचा ढोल्या नाही बाई लपत," मामी म्हणाल्या. "लपायचं म्हटलं तरी लपणार कुठं?"

वाहिलेले मुळे नंतर प्रसाद म्हणून वाटतात. मामींनी त्यातला एक हातभर मुळा निवडला आणि पिशवीत भडंगाशेजारी उभा केला. निघणार तोच मामांनी विचारलं, "टेकडी किती म्हणालास?"

"दहा मीटर."

बोटांवर हिशेब झाला. "तेहेतीस फूट. चाळीसच्यासुद्धा आत!" आणि मी अडवायच्या आत ते देवळाच्या कचेरीच्या खिडकीशी. आत काळ्या झग्यातला एक तरुण भिक्षू होता. मामांनी हात जमिनीपासून हळूहळू छातीपर्यंत वर नेला, मग गळ्यापर्यंत, मग डोक्यावरून. बुडल्यासारखे गाल फुगवले. गाभाऱ्याकडं बोट केलं, आकाशाकडं बोट केलं. भिक्षूनं गंभीरपणे मान हलवली, आत गेला आणि थंडगार बार्लीचा चहा व एक हातपंखा घेऊन आला. उन्हानं म्हाताऱ्यांना भोवळ येतेय, असं त्याला वाटलं असावं. मामा चहा प्याले, वाकले, तो वाकला.

"काय म्हणाला?" मामींनी विचारलं.

"काय म्हणणार? खात्यातला दिसतोय. चहा पाजला आणि बघतो म्हणाला."